कुमुदताईंची शाई

कुमुदताई कर्णिक गेल्या असा त्यांच्या मुलीचा मेसेज आला, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सोसायटीतली मीनाक्षी माझ्याकडे येऊन म्हणाली, "लीलाबेन, त्यांच्यावर चार पानं तुम्हीच लिहा. तुम्ही त्यांच्या सगळ्यांत जवळच्या." मी बरं म्हटलं, तिला चहा दिला, ती गेली. मग वही घेऊन बसले तर पहिली ओळच सुचेना. कारण जी पहिली ओळ खरी होती ती श्रद्धांजलीत लिहायची पद्धत नाही. सोळा वर्षं मी त्या बाईवर जळत होते. आता लिहूनच टाकलं, तर पुढचं सोपं जाईल.

आमची सोसायटी इथे गुजरातेत, वासणा रोडवर. कुमुदताई निवृत्त झाल्यावर तिथे राहायला आल्या, आमच्या समोरच्याच घरात. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचे आजोबा, पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर, म्हणजे घरात पुस्तकांची कपाटं आणि बोलण्यात कुठे अडखळणं नाही. आम्ही मोहिते. आमचेही पूर्वज संस्थानाच्याच नोकरीत, पण घोड्यावर. आमच्या सासरी भिंतीवर तलवार होती आणि पुस्तक एकच, ते म्हणजे पंचांग. माझं माहेर जुन्या शहरातलं, मांडवीतलं. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण मी स्वतःच केलं, लायब्ररीतून पुस्तकं आणून, पुडीचे कागदसुद्धा वाचून. त्यामुळे माझ्या वाचनाचा मला अभिमान होता. सोसायटीत काही अडलं की बायका म्हणायच्या, "लीलाबेनला विचारा." कुमुदताई आल्या, आणि दोन महिन्यांत म्हणायला लागल्या, "कुमुदताईंना विचारा." एवढंच झालं होतं. पण एवढं पुरतं.

दिसायला कशा होत्या सांगते. उंच, सडपातळ, वेणी नाही, छोटासा अंबाडा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. फळ्यावर लिहिताना वेळ दिसावी म्हणून लागलेली सवय, फळा सुटला तरी गेली नाही. चपला पुरुषी, भक्कम. चहा आला की त्यावर बशी झाकून ठेवायच्या आणि बोलत बसायच्या, मग कोमट झाल्यावर एका दमात पिऊन टाकायच्या. मला ते बघवायचं नाही. इतका आल्याचा चहा करावा आणि बाईनं तो औषधासारखा प्यावा.

आणि विचारायच्या. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, कुरियर घेऊन येणाऱ्याला, कुणालाही. सोसायटीच्या झांप्याशी, म्हणजे फाटकाशी, उभं राहून भाजीवाल्याशी त्यांचं गुजराती ऐकलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ही बाई खेडा जिल्ह्यातलीच. "काका, हे वांगं कुठलं? पादऱ्याचं? मग तिकडे याला काय म्हणतात?" घरात मात्र मराठी असं, की आम्ही 'शाक' म्हटलं तर त्या रागवायच्या नाहीत, फक्त पुढच्या वाक्यात 'भाजी' म्हणायच्या. ते जास्त लागायचं.

त्यांचं एक वाक्य होतं. तुम्ही काहीही सांगा, पूर्ण ऐकून घ्यायच्या, मान एका बाजूला करायच्या आणि म्हणायच्या, "असेल. कुणी पाहिलंय?" यात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरोखर माहीत करून घ्यायचं असायचं. पण समोरच्याच्या फुग्यातली हवा जायची ती जायचीच.

आमच्या बायकांची आधी साधी भिशी होती. कुमुदताईंनी तिची शब्दांची भिशी करून टाकली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं, सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, जिची चिठ्ठी निघेल तिनं पुढच्या महिन्यात एक शब्द आणायचा. तो काय, कुठून आला, त्याची हकीकत सांगायची. नंतर सुरळीच्या वड्या, खमणी, जे असेल ते. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग अशी गोडी लागली, की बायका आठवडाभर आधी नवऱ्यांना छळायला लागल्या.

या भिशीची एक वही होती, जाड पुठ्ठ्याची, कुमुदताईंच्याच ताब्यात. तिच्यात प्रत्येक शब्द लिहायचा. आणि इथे त्यांचा कायदा होता. जे कुणी प्रत्यक्ष पाहिलं, केलं किंवा छापील कोशात सापडलं, ते शाईच्या पेनानं. जे ऐकीव, ते शिसपेन्सिलीनं. प्रत्येक नोंदीखाली 'साक्ष' असा शब्द आणि पुढे नाव. पेन्सिलीतलं खोटं असं नाही, त्या म्हणायच्या, ते अजून उभं राहिलेलं नाही.

माझी पहिली चिठ्ठी निघाली तेव्हा मी घरचाच शब्द नेला. शिलेदार. आमचे पणजे-सासरे शिलेदार होते. मी छान नेसून, थोडं खाकरून सांगितलं, की शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, आपल्या घोड्यावर बसतो तो शिलेदार. बायका खूश झाल्या. कुमुदताईंनी मान एका बाजूला केली.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सासऱ्यांनी."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या आजोबांनी."

"बरं," त्या म्हणाल्या. मग अगदी प्रेमानं सांगितलं, की अर्थ तुम्ही म्हणता तो बरोबर, पण शब्दात घोडा नाहीच. 'सिलाह' म्हणजे शस्त्र, तो अरबी शब्द फारसीतून आला, शस्त्र बाळगणारा तो सिलाहदार, त्याचा आपण शिलेदार केला. हे शाईनं लिहिलं. माझा घोडा पेन्सिलीनं, खाली, बारीक अक्षरात.

आता सांगा, घर माझं, पणजा माझा, तलवार आमच्या भिंतीवर, आणि तो शब्द मला कर्णिकांच्या सुनेनं समजावून द्यावा. घरी येऊन मी आमचे 'हे' आहेत त्यांना म्हटलं, "तुमच्या खानदानाचा घोडा काढून घेतला आज." ते पेपरमधून मान न काढता म्हणाले, "घोडा विकून पन्नास वर्षं झाली."

पुढची तीन-चार वर्षं माझं असंच चाललं. मी आणलेला प्रत्येक शब्द पेन्सिलीत. कारण माझं सगळं माणसांकडून आलेलं. कोश घरात नाही, आणि असता तरी तो उघडून बसायची सवय नाही. मीनाक्षी माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, तिला शाई मिळाली, का तर तिनं विणकामातला शब्द आणला आणि सुया घेऊन करूनच दाखवलं. मी तिचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन कढी करपवली.

मग यांची गोष्ट. आमचे हे बसच्या डेपोत टायर सेक्शनला होते, तीसेक वर्षं. डेपोतून आले की हाताला रबराचा वास. साबण लावा, लिंबू लावा, जायचा नाही. मी त्याच वासाच्या हातांना जेवण वाढलं. कामाबद्दल हे कधी चकार शब्द बोलले नाहीत, मला वाटायचं बोलण्यासारखं काही नसेलच.

एकदा संध्याकाळी मी दूध घेऊन येते तर झांप्याशी हे आणि कुमुदताई. हे हातवारे करून बोलत होते. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती, मी यांना हातवारे करताना पाहिलं नव्हतं. मी घरात गेले, दूध तापवलं, गार झालं, साय आली, तरी हे बाहेर. शेवटी आले ते ताजेतवाने, तरुण होऊन.

"एवढं काय चाललं होतं?"

"काही नाही. वल्कनायझिंग विचारत होत्या."

"काय ते?"

तर काय, त्यांनी पाटी वाचली होती. वासणा नाक्यावर पंक्चरवाल्याच्या टपरीवर लिहिलेलं असतं, 'टायर वल्कनायझिंग'. आपण सगळ्यांनी हजार वेळा पाहिलेलं. कुमुदताईंनी टपरीवाल्याला विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "बेन, गरम पट्टी." त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून यांना गाठलं. यांनी सगळं सांगितलं. कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत तडकतं. त्यात गंधक घालून ते तापवलं की मग ते रबर बनतं, ताणलं तरी पुन्हा मूळ जागेवर येणारं. टायरच्या जखमेवर कच्चं रबर भरायचं, शिकंजा आवळायचा, आच द्यायची. आच कमी पडली तर पट्टी सुटते, जास्त झाली तर टायर जळतं, आणि कळतं कशावरून, तर वासावरून.

मी म्हटलं, "हे सगळं मला कधी सांगितलं नाहीत."

हे म्हणाले, "तू कधी विचारलंस?"

त्या रात्री मी यांच्याशी बोलले नाही, आणि खरं सांगू, राग यांच्यावर नव्हता.

त्या महिन्यात चिठ्ठी कुमुदताईंचीच होती. शब्द कुठला, तर व्होल्कॅनो. जमलो होतो आमच्याच घरी, हे आत हिंचक्यावर, झोपाळ्यावर, पेपर वाचायचं सोंग करत बसलेले. कुमुदताईंनी सांगितलं, की इटलीच्या खाली समुद्रात एक बेट आहे, व्हुल्कानो नावाचं, त्यावरचा डोंगर धूर ओकतो. तिकडच्या जुन्या लोकांचा विस्तवाचा एक देव होता, लोहार देव. त्याची भट्टी त्या डोंगराच्या पोटात आहे असं ते मानायचे, म्हणून बेटाला त्याचं नाव. "म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "एका डोंगराचं नाव. पण पुढे जगात जिथे जिथे असा आग ओकणारा डोंगर सापडला, त्याला लोकांनी तेच नाव दिलं. घरातल्या एका मुलाचं नाव साऱ्या गावाच्या मुलांना लावावं, तसं." आणि त्याच देवाचं नाव रबर भाजण्याच्या कामालाही लागलं, कारण तिथेही आच आणि गंधक, जे त्या डोंगरातून निघतं तेच. "म्हणजे आपल्या नाक्यावरच्या टपरीत तो लोहार बसलेला आहे."

मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना गच्चीवर नेलं. हवा स्वच्छ होती, पूर्वेला पावागड दिसत होता. म्हणाल्या, "तोही तसाच. फार फार पूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या रसाचा झालेला आहे." आम्ही जन्मभर तिथे माताजीच्या दर्शनाला गेलेल्या, पायऱ्या चढून दमलेल्या, काकड्या खाल्लेल्या. एकीलाही कधी वाटलं नव्हतं, की हा डोंगर एकदा पातळ होता.

खाली आल्यावर त्यांनी वही काढली आणि आमच्यादेखत शाईनं लिहिलं. वल्कनायझिंग. साक्ष, श्री. मोहिते, स्वतः काम केलेले. हिंचका थांबला. हे उठून दारात आले, म्हणाले, "बघू." नाव वाचलं, आत गेले, आणि हिंचका पुन्हा सुरू झाला, जरा जोरात. मी स्वयंपाकघरात वड्या कापत होते. माझ्या आधी यांना शाई मिळाली होती, ज्यांनी आयुष्यात एक पुस्तक पुरं वाचलेलं नाही.

वड्या घेऊन बाहेर आले तर मीनाक्षी विचारत होती, "पण मग आपला ज्वालामुखी शब्द?"

कुमुदताई म्हणाल्या, "तो शाळेची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी केला असावा. ज्वाला आणि मुख. मी मुलींना तसंच सांगत आले."

आणि मी म्हटलं, "नाही. ते देवीचं नाव आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वड्यांचं ताट धरून तशीच उभी. "वर हिमाचलात, कांगड्याकडे, ज्वालामुखी देवी आहे. तिथे मूर्ती नाही, खडकातून ज्योती निघतात, तेलवात काही नाही, आपोआप. तिच्यावरून शब्द आला. पुस्तकवाल्यांच्या कितीतरी आधीचा."

कुमुदताईंनी मान एका बाजूला केली. मला माहीत होतं, आता काय येणार. "असेल. कुणी पाहिलंय?"

"मी," मी म्हटलं. "मी पाहून आले."

तर खरं काय ते आता सांगते. आम्ही गेलो होतो, मी, माझी नणंद शशी आणि अजून पंधरा बायका, यात्रेच्या बसनं. पण आदल्याच मुक्कामी पायरीवरून माझा पाय मुरगळला, भोपळ्याएवढा सुजला. ज्वालामुखीला सगळ्या देवळात गेल्या आणि मी धर्मशाळेत खाटेवर पडून होते. जे काही मला माहीत ते शशीनं येऊन सांगितलेलं. पण तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर इतकं बरं वाटलं, की परत घ्यायची इच्छाच झाली नाही.

मला वाटलं होतं, कुमुदताईंचा चेहरा पडेल. पडावा अशीच इच्छा होती, लपवून काय करू. पण त्या बाईचा चेहरा उजळला. लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी मुलींना चुकीचं शिकवलं." आणि हसल्या. "आणि किती गमतीचं आहे बघा. त्यांनी एका खऱ्या डोंगराचं नाव सगळ्या डोंगरांना दिलं. आणि आपण जे नाव दिलं, ते जिथलं, तिथे असा डोंगर नाहीच. तिथे नुसता जमिनीतला वायू जळतो. आपण देवीचं नाव उचललं आणि डोंगराला लावलं." सगळ्या पुन्हा त्यांच्याकडे बघायला लागल्या. बोलणं माझं होतं, पण हरून चमकल्या त्याच. मी ताट ठेवलं आणि आत जाऊन उगाच नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वही आणि शाईचं पेन घेऊन दारात हजर. "सांगा."

मी सांगितलं. शशीनं सांगितलेलं आठवलं ते सगळं, आणि थोडं माझ्या पदरचं. ज्योती कशा भडकतात, लालजर्द, कसा घोंघावल्यासारखा आवाज येतो, तोंडावर कशी धग लागते. त्या लिहीत होत्या, मध्ये मध्ये विचारत होत्या, भिंतीत का जमिनीत, वाऱ्यानं हलतात का, वास येतो का. मी प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलं. खाली त्यांनी लिहिलं, साक्ष, सौ. लीला मोहिते, प्रत्यक्ष पाहिलेले. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली होती. मी तीन वेळा वाचलं.

मग त्या म्हणाल्या, "बरोबर अजून कोण होतं? शब्दाचा जन्मच बदलतोय, दुसरी एक साक्ष घेऊन ठेवू."

शशी राहते हरणीला, विमानतळाजवळ. मी म्हटलं, तिची तब्येत बरी नसते. त्या म्हणाल्या, मग भेटूनच येऊ. मी म्हटलं, फार बोलते. त्या म्हणाल्या, उत्तम.

त्या गेल्यावर मी शशीला फोन लावला. "हे बघ, त्या येणार आहेत. मी देवळात तुझ्याबरोबर होते असं म्हण."

"पण तू तर पडली होतीस ना खाटेवर?"

"म्हणूनच सांगते."

"का पण वहिनी?"

"असंच."

"असंच का?"

"शशी, तुझ्या मुलाच्या लग्नात मी काय काय सांभाळून घेतलं, आठवतं ना?"

"बरं बाई. होतीस तू. माझ्या पुढेच होतीस, चालेल?"

"पुढे नको. बरोबर."

गुरुवारी रिक्षानं हरणीला गेलो. शशीनं पोहे केले होते, साडी बदलली होती, लिपस्टिकसुद्धा लावली होती, जशी टीव्हीवर जाणार. कुमुदताईंनी चहावर बशी झाकली आणि पेन उघडलं. डोक्यावरून विमान गेलं, ते जाईपर्यंत तिघी गप्प बसलो, मग शशी सुरू झाली.

"आम्ही गेलो आत. मी आणि वहिनी. बरोबर होतो. बरोबरच." माझ्याकडे बघून घेतलं. "तर ताई, मला वाटलं होतं केवढी आग असेल. तर अगदी एवढीशी. निळी. आपल्या गॅसच्या बारीक बर्नरसारखी. आवाज काहीच नाही. त्यानंच अंगावर काटा आला, इतकं गप्प जळत होतं."

कुमुदताईंचं पेन क्षणभर थांबलं, मग पुन्हा चालू झालं. त्यांनी काही विचारलं नाही. शशी मात्र रंगात आली. "मी हात धरला वरून, असा. आणि म्हटलं, हा हात आता कशाला लावायचा नाही. मूठ करून पळत निघाले, रांगेतल्या बायका ओरडताहेत, मी धर्मशाळेपर्यंत थेट पळत, आणि वहिनीच्या कपाळाला तळवा लावला. म्हटलं, बिचारीला दर्शन नाही तर नाही, निदान..."

मग तिला आठवलं. पोह्यांकडे बघत म्हणाली, "म्हणजे ही होतीच बरोबर. परत येऊन पडली."

कुमुदताई म्हणाल्या, "किती ज्योती होत्या?"

"नऊ म्हणतात. मी सात मोजल्या."

त्यांनी तेही लिहिलं. पोहे संपवले, शशीच्या नातवंडांची नावं विचारली, निघालो.

रिक्षात मी बाहेर बघत बसले होते. कुमुदताईंनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, मीही काहीतरी बोलले असते. खूप वेळानं म्हणाल्या, "पाय किती सुजला होता?"

"बराच."

"खाटेवरून काय दिसत होतं?"

"काय दिसणार, खिडकी होती. रस्ता."

"रस्त्यावर काय?"

आणि मी सांगायला लागले. मलाच माहीत नव्हतं, इतकं आठवत होतं. देवळातून उतरणारी माणसं दिसत होती. चढताना सगळी बोलत होती, भांडत होती, पोरांना ओढत होती. उतरताना पुष्कळ जण तळहात असा वर, पाणी घेऊन चालल्यासारखा धरून येत होते. एक म्हातारे गृहस्थ तसाच हात धरून आले, खाली दुकानाशी त्यांची बायको बसली होती, तिच्या दोन्ही गालांना तो हात लावला, मग चप्पल घातली. शशीचा तळवा कपाळाला लागला तेव्हा गरम होता. "पण ते पळून आल्यामुळेही असेल," मी म्हटलं.

"असेल," कुमुदताई म्हणाल्या. पुढचं वाक्य बोलल्या नाहीत. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भाई, जरा साइडला घ्या," आणि मांडीवर वही ठेवून लिहायला लागल्या. वाकून काय लिहिताहेत बघायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी वही माझ्या हातात दिली. "तुमची नोंद आहे. तुम्हीच वाचा."

उघडली. माझी आधीची साक्ष, लालजर्द ज्वाळा आणि घोंघावणं, त्यावर पट्टी धरून एकच सरळ रेघ मारलेली. रेघेखालचं सगळं वाचता येत होतं. त्याखाली शशीची साक्ष. आणि त्याखाली, सौ. लीला मोहिते. देवळात गेल्या नाहीत. धर्मशाळेच्या खिडकीतून उतरणारी माणसं प्रत्यक्ष पाहिली. मग हातांचं सगळं, त्या म्हाताऱ्या गृहस्थांसकट. सगळं शाईत.

वरचं गाळून वाचता आलं असतं. शशीची साक्ष वाचून वही मिटली असती तरी कुणाला कळलं नसतं. कुमुदताई बशी झाकून खिडकीबाहेर बघत होत्या, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. पण मग माझ्या नावाचं ते शाईतलं पान कुणाच्या कानावर पडणारच नव्हतं, आणि ते माझं होतं, खिडकी माझी होती. मी सगळं वाचलं. रेघेखालचंही.

मग मीनाक्षी म्हणाली, "म्हणजे लीलाबेन, तुम्ही गेलाच नव्हता?" आणि अशी हसली, की सगळ्याच हसायला लागल्या. त्यानंतर वर्षभर माझा छळ झाला. कुणी विचारायचं, "लीलाबेन, ताजमहाल पाहिलाय का, का शशीनं सांगितला?" भाजीत मीठ पाहायला दिलं की, "तुम्ही चाखलंत का खिडकीतून बघितलंत?" मी ऐकून घेतलं. दुसरं काय करणार. पण त्या म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल नंतर चार जणींनी येऊन पुन्हा विचारलं, हेही लिहून ठेवते.

तुम्हाला वाटेल, यानंतर माझं जळणं थांबलं. नाही थांबलं. फक्त त्याची दिशा बदलली. आधी मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. नंतर असं झालं, की त्या दुसऱ्या कुणाला काही विचारताना दिसल्या की मला ते खपायचं नाही. मी मुद्दाम काहीबाही आठवून ठेवायचे, माहेरच्या विहिरीचं, आजीच्या औषधाचं, आणि दुपारी त्यांच्या दारात जाऊन बसायचे, त्यांनी विचारावं म्हणून. त्या विचारायच्याही. पण तेवढ्यात कुरियरवाला आला, की त्याच्याकडे वळायच्या.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा मुलगी त्यांना बंगळूरला घेऊन जायला निघाली. भिशीची वही मला मिळेल असं मी धरूनच चालले होते. ती त्यांनी दिली मीनाक्षीला. मी विचारलं, स्पष्टच विचारलं, मला का नाही? म्हणाल्या, "तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नाही, लीलाबाई." खरं होतं. तरी मी दोन दिवस त्यांच्याकडे गेले नाही. आता ते दोन दिवस मिळाले तर परत घेईन.

हरणीच्या विमानतळावर यांनी आणि मी त्यांना सोडलं. मुलगी सामानाच्या मागे पुढे गेलेली. कुमुदताईंसाठी चाकाची खुर्ची आली, ढकलायला एक पन्नाशीचा माणूस, पिकल्या मिशांचा, छातीवर नावाची पट्टी. कुमुदताईंनी यांना नमस्कार केला. मला म्हणाल्या, "जपा हं, पायऱ्या उतरताना." एवढंच.

काचेचं दार बंद झालं. आम्ही बाहेरून बघत होतो. खुर्ची वीसेक पावलं गेली असेल, तर त्यांनी मान वळवून त्या माणसाच्या छातीवरची पट्टी वाचली आणि त्याला काहीतरी विचारलं. तो चालता चालता थांबला. खुर्ची सोडून समोर आला, उकिडवा बसला, आणि हातवारे करून सांगायला लागला, लांबवर कुठेतरी बोट दाखवून, बहुधा त्याचं गाव. मुलगी पुढून हाक मारत असावी, पण त्या दोघांना ऐकू येत नव्हतं. कुमुदताईंनी मान एका बाजूला केली होती. मी हात वर करून उभी होते, त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

हे म्हणाले, "चल, रिक्षावाला थांबलाय."

मी म्हटलं, "थांबा जरा." त्या माणसाचं सांगून होईपर्यंत मी तिथून हलले नाही.